खोलीत चूल नाही, रक्तात साखर आहे

जळगावात भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. घरमालक गॅस सोडा, शेगडीचीही परवानगी देत नाहीत. सकाळी पोहे, रात्री शेवभाजी-पाव असं चाललं होतं. जेवणानंतर दोन तासांनी साखर २४० आली, तेव्हा डोळे उघडले.

सगळ्यात कामी आला तो थर्मास. मूग रात्री भिजवतो, मग ओल्या फडक्यात बांधून ठेवतो. मोड आले की सकाळी धुऊन थर्मासमध्ये टाकतो आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्या दादांकडून त्यावर उकळतं पाणी घेतो. पाऊण तासात मूग मऊ होतात. पाणी ओतून टाकून कांदा, काकडी, लिंबू घातलं की झाला नाश्ता. मटकीला जास्त वेळ लागतो; माझी कडकच राहिली, म्हणून सोडली.

दुपारी दोन उकडलेली अंडी, मूठभर फुटाणे. रात्री भाकरी विकणाऱ्या मावशींकडून कळण्याची एकच भाकरी आणि भरीत घेतो. ज्वारीत उडीद असल्याने ती पोटाला धरून राहते. भरीत मात्र तेलात न्हालेलं असतं, म्हणून "मावशी, तेल वरचं काढून द्या" असं सांगावं लागतं. पहिल्यांदा त्या हसल्या, आता विचारतही नाहीत.

अडलं ते केळ्यावर. जळगावात राहून केळी टाळायची म्हणजे शिक्षाच! अर्धंच खातो, तेही जेवणावर नाही.

खिशात साखरेची पुडी असते. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण लांबलं आणि साखर उतरून हातपाय थरथरले, तर तीन चमचे पाण्यात. परवा जेवणानंतर १६२ आली.