टवाळ चित्रांची प्रतिकृती रंगवून घेताय? या चुका टाळा

सात धावते घोडे आणि सूर्यास्त यांना कंटाळलेली मंडळी हल्ली हॉलच्या भिंतीसाठी होगार्थ, ब्रॉयगेल, श्पिट्झवेग अशा जुन्या युरोपीय चित्रकारांची टवाळ चित्रं हाताने रंगवून घेतात. मुंबईत हात चांगला असलेले चित्रकार हवे तेवढे मिळतात. जहांगीर आर्ट गॅलरीबाहेरच्या फुटपाथवर थोडा वेळ उभं राहिलं तरी ते कळतं. घोटाळा बहुतेक वेळा ऑर्डर देणाऱ्याकडून होतो. या चित्रांतली खोच एखाद्या बोटात, एखाद्या नजरेत, कोपऱ्यातल्या कुत्र्यात असते. तेवढं निसटलं की भिंतीवर नुसतं जुनाट चित्र उरतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो पुढे ढकलणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. कार्ल श्पिट्झवेगचा ‘गरीब कवी’ (१८३९) घ्या. माळ्यावरच्या खोलीत कवी अंथरुणात बसलाय, छत गळतंय म्हणून डोक्यावर छत्री उघडून टांगलीय (वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुंबईकराला ही गंमत समजावून सांगावी लागत नाही). लेखणी दातात, हस्तलिखित मांडीवर आणि एका हाताची चिमूट वर धरलेली. तो वृत्ताच्या मात्रा मोजतोय की पकडलेली पिसू चिरडतोय, हे चित्रकाराने मुद्दाम मोघम ठेवलंय. सगळं चित्र त्या चिमटीवर उभं आहे. शेगडीजवळ त्याच्याच कवितांचे गठ्ठे पडलेत, म्हणजे जळण म्हणून काय वापरलं जातंय ते ओळखा. फॉरवर्ड होऊन आलेल्या धुरकट फोटोत ती चिमूट म्हणजे चार ठिपके असतात. मग कॉपी करणारा अंदाजाने मूठ काढतो आणि विनोद संपतो.

मोठ्या संग्रहालयांच्या वेबसाइटवर चांगले मोठे फोटो असतात, तेच द्या. चेहरे, हात आणि कोपरे वेगळे मोठे करून प्रिंट काढा. रंग लावण्याआधी नुसतं रेखाटन बघायला मागा. रंग चढल्यावर दुरुस्ती सांगितली की चित्रकारही वैतागतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

होगार्थच्या बाबतीत आणखी एक गोची आहे. ‘मॅरेज आ ला मोड’ची सहा तैलचित्रं (सुमारे १७४३) लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. त्यांवरून निघालेली छापचित्रं (धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली) मात्र आरशात पाहिल्यासारखी उलटी आहेत. पहिल्या तैलचित्रात गाउट या सांधेदुखीने पाय सुजलेला म्हातारा सरदार (अर्ल) उजवीकडे वंशवृक्ष दाखवत बसलाय आणि लग्न ठरलेली जोडी डावीकडे, एकमेकांकडे पाठ फिरवून. नेटवर दोन्ही मिसळलेले सापडतात. मालिकेतली दोन चित्रं शेजारी लावणार असाल तर एक सरळ, एक उलटं असं होऊ देऊ नका.

सोफ्याच्या मापाने चित्र

ब्रॉयगेलचं ‘नेदरलँडिश प्रॉव्हर्ब्ज’ (१५५९) साधारण ११७ बाय १६३ सेंटिमीटर आहे आणि त्यात शंभराहून जास्त म्हणी कोंबल्यात. वासरू बुडाल्यावर विहीर बुजवणारा माणूस त्यात आहे, म्हणजे आपला ‘बैल गेला नि झोपा केला’. हे सगळं अठरा बाय चोवीस इंचांत मागितलं तर माणसांच्या मुंग्या होतात. वन बीएचकेत भिंत नसेल तर एखादाच कोपरा निवडून रंगवून घ्या. उलट ‘गरीब कवी’ मुळात जेमतेम ३६ बाय ४५ सेंटिमीटर. तो चार फुटांचा केला की त्या खोलीची कोंदट ऊब जाते.

चेहरे ‘जरा छान’ करायला सांगणं

क्वेंटिन मॅसिसची म्हातारी (सुमारे १५१३), ‘अग्ली डचेस’ म्हणून प्रसिद्ध असलेली, मुळातच सुरकुत्या, शिंगांचा शिरपेच आणि हातातली कळी यांसाठी आहे. पोर्ट्रेटच्या सवयीने चित्रकाराचा हात गाल गुळगुळीत करतो. ‘सुरकुत्या कमी करू नका’ हे चक्क लिहून द्या. आणि घरी कोणाला ती रोज बघवणार नसेल तर दुसरं चित्र निवडा. गोड केलेली डचेस कुणाच्याच कामाची नाही.

छापचित्राला तेलरंग

होगार्थचं ‘जिन लेन’ (१७५१) आणि स्पॅनिश चित्रकार गोयाची ‘काप्रिचोस’ ही मालिका (१७९९) ही मुळात छापचित्रं. त्यांना तेलरंगात मागितलं की रंग चित्रकाराच्या मनचे. ती शाई-पेनाने कागदावर करून घ्या. कोलकात्याच्या कालीघाट चित्रांतला कपाळावर टिळा आणि तोंडात कोळंबी घेतलेला बोका, म्हणजे ढोंगी भगताची टर, तोही कागद आणि जलरंगातच शोभतो. त्याची ओघवती रेघ कॅनव्हासवर थिजते.

पावसाळा विसरणं

तेलरंग हाताला सुका लागला तरी आतून सुकायला सहा महिने ते वर्ष लागतं. घाईने, त्यातून जुलैत वॉर्निश मारलं की वर पांढरट धुकं येतं. कोरड्या दिवसांपर्यंत थांबा. तेवढी वाट बघायची नसेल तर अ‍ॅक्रिलिकमध्ये करून घ्या.

पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नका, खोल्यांमधली भिंत बरी. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते. तरी पाठीवर बुरशी आलीच तर ओल्या फडक्याने पुसायला धावू नका, ती पसरते. चित्र उतरवा, बाल्कनीत सावलीत सुकू द्या, तोंडाला मास्क लावून मऊ कोरड्या ब्रशने झटका. कॅनव्हास सैल पडला असेल तर फ्रेमवाल्याकडून मागच्या लाकडी पाचरा ठोकून घ्या. मागून पाणी मारून ताणायचा उपाय कोणी सुचवला तर करू नका.

गुंडाळून आणताना रंगाची बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली की रंग दाबला जाऊन भेगा पडतात.

छापील कॅनव्हासला ‘हँडपेंटेड’ समजणं

टॉर्च तिरका धरा. ब्रशचे फटकारे आकाराच्या दिशेने जात नसतील, कपड्याच्या चुणीवर आडवेच फिरत असतील, तर प्रिंटवर जेल फासलंय. भिंगातून बारीक ठिपके दिसले तर शंकाच नको.

हक्क आणि सही

आर. के. लक्ष्मण २०१५ साली गेले. आपल्या कायद्यात लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क (कॉपीराइट) राहतात, त्यामुळे ‘कॉमन मॅन’ परवानगीशिवाय रंगवून घेऊ नका. १९३८ मध्ये गेलेल्या गगनेंद्रनाथ टागोरांची व्यंगचित्रं मात्र मोकळी आहेत. कोणाचीही प्रतिकृती असो, पुढे मूळ सही उतरवायची नाही. मागे मूळ चित्राचं नाव, ‘प्रतिकृती’ हा शब्द, साल आणि रंगवणाऱ्याची स्वतःची सही घ्या.