जेसी रोब्रेदो यांची कारकीर्द कशी अभ्यासावी: नव्या नगरसेवकांसाठी

निवडून आलेली तरुण मुलं-मुली माझ्याकडे येतात. नगर परिषदेत मी बरीच वर्षं नगरसेविका होते म्हणून येतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "ताई, काम लोकांच्या नजरेत कसं आणायचं?" मी त्यांना फिलिपाईन्समधल्या नागा शहराच्या महापौरांचा अभ्यास करायला सांगते. त्यांचं नाव जेसी रोब्रेदो. शासकीय सेवेसाठीचा जो मॅगसेसे पुरस्कार १९५९ साली आपल्या सी. डी. देशमुखांना मिळाला, तोच २००० साली रोब्रेदोंना मिळाला. अभ्यास करायचा तो मात्र पुरस्काराचा नको. माणूस खुर्चीवरून उठल्यावर त्या कचेरीत काय उरलं, ते शोधायचं.

सुरुवात सनावळीने करा. एका पानावर फक्त वर्षं लिहा. १९५८: नागात जन्म. पुढे इंजिनिअरिंग, मग सॅन मिगेल या मोठ्या कंपनीत नोकरी. १९८६ साली हुकूमशहा मार्कोस यांची राजवट कोसळली आणि हे नोकरी सोडून गावी परतले, बिकोल नदीखोऱ्याच्या विकास प्रकल्पावर. १९८८ साली, वयाच्या २९व्या वर्षी महापौर. १९९८पर्यंत सलग, मग तीन वर्षं बाहेर, २००१ ते २०१० पुन्हा महापौर. २०१०पासून देशाच्या अंतर्गत व स्थानिक शासन खात्याचे मंत्री. १८ ऑगस्ट २०१२ रोजी सेबूहून घरी नागाला येताना मासबातेजवळ समुद्रात विमान कोसळलं, त्यात गेले.

आता प्रत्येक निवडणुकीपुढे लिहा: पाठीशी कोण होतं? पहिल्या वेळी लुईस व्हिलाफुएर्ते यांचा हात होता. ते प्रांतातले बडे नेते आणि रोब्रेदोंचे नातलग. पुढे दोघांचं फाटलं, आणि १९९२ची लढत रोब्रेदोंनी त्या घराण्याच्या विरोधात जिंकली. हे टिपून ठेवा. नेत्याच्या बोटाला धरून आलेल्या माणसाला ते बोट सोडून उभं राहता आलं की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं. आपल्याकडच्या कुठल्याही नगरसेवकाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

मग वहीत दोन रकाने पाडा. डावीकडे माणसामुळे झालेलं, उजवीकडे कागदावर राहिलेलं. साध्या सपाता घालून वस्त्यांत फिरणं, वादळानंतर स्वतः फावडं घेऊन चिखल उपसणं, हे डावीकडे. मला ते मनापासून आवडतं, पण ते त्यांच्याबरोबर गेलं. शहराच्या गर्दीतून बसतळ हलवणं, कर्मचाऱ्यांची भरती आणि बढती गुणवत्तेवर करणं, हे मधलं. रोज सांभाळलं तर टिकतं.

उजव्या रकान्यात जास्तीत जास्त वेळ घालवा. १९९१ साली फिलिपाईन्सने स्थानिक शासनाचा कायदा केला आणि काही समित्यांवर स्वयंसेवी संघटनांना जागा दिल्या. अनेक शहरांसाठी विषय तिथेच संपला. नागाने १९९५ साली स्वतःचा उपविधी करून त्यापुढे मजल मारली. शहरातल्या संघटनांची मिळून नागा शहर लोकपरिषद उभी राहिली. रिक्षावाले, शेतकरी, महिला, झोपडपट्टीवासी असे सगळे तिथे आले. या परिषदेचे प्रतिनिधी नगरसभेच्या समित्यांमध्ये बसतात, चर्चा करतात, समितीत मतदानही करतात, उपविधी सुचवतात. प्रतिनिधी परिषद निवडते, महापौर नव्हे. हा उपविधी वाचताना प्रत्येक कलमाशी थांबून विचारा: इथे महापौराने कुठला अधिकार हातातून सोडला? सुधारणा ओळखायची माझी खूण हीच.

त्याआधी, १९८९मध्ये, झोपडपट्टीवासीयांसाठी 'कांताबाय सा काउस्वागान' हा कार्यक्रम सुरू झाला होता. त्यात जमीनमालक, महापालिका आणि रहिवाशांच्या संघटना एकत्र बसायच्या. कुठे जागेची अदलाबदल, कुठे वाटणी, कुठे सरळ खरेदी, असं करून लोक राहत्या जागेचे मालक झाले. संघटित वस्त्या हाताशी होत्या, म्हणून १९९५चा उपविधी कोरडा राहिला नाही. क्रम लक्षात घ्या: आधी संघटना, मग कायदा. याची दुसरी बाजूही वहीत लिहा. ज्यांची संघटनाच नाही, त्यांचा आवाज अशा परिषदेत पोचणं अवघड.

पुढचा टप्पा नागाच्या नागरिकांच्या सनदेचा. प्रत्येक सेवेसाठी पायऱ्या कोणत्या, कागद कोणते, किती वेळ लागेल, कुठल्या टेबलावर कोण बसतं, हे सगळं पुस्तिकेत छापलेलं. २००७मध्ये लालफितीविरोधी कायद्याने अशी सनद देशभर सक्तीची केली. आपल्याकडे २०१५चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे, पदनिर्देशित अधिकारी आहेत, फलकही लागलेले असतात. तुमच्या नगर परिषदेतला एकच दाखला निवडा, स्वतः रांगेत उभे राहा, आणि फलकावरची मुदत व प्रत्यक्ष लागलेला वेळ शेजारी शेजारी लिहा.

त्यानंतर १९९८ ते २००१ आणि २०१०नंतरची, म्हणजे ते महापौर नसतानाची वर्षं पाहा. तिथल्या राज्यघटनेनुसार स्थानिक पदावर सलग तीनच मुदती मिळतात. आपल्याकडे अशी अट नाही, म्हणून आपल्यामागे काम कसं चालेल, हा विचारच आपण करत नाही. रोब्रेदोंना तो करावा लागला, आणि लोकपरिषद त्यांच्यामागेही चालू राहिली.

मंत्रिपदाचा काळ थोडक्यात उरका. महापालिकांनी अर्थसंकल्प आणि खरेदी सर्वांना दिसेल अशी लावावी, हे त्यांचं पूर्ण प्रकटीकरणाचं धोरण. चांगला कारभार करणाऱ्या स्थानिक संस्थांना सरकारने मान्यतेचा शिक्का द्यायचा, याची सुरुवातही त्यांच्याच वेळची. २०१९ साली त्या कल्पनेला कायद्याचं रूप आलं. मंत्र्यांच्या नेमणुकांना मंजुरी देणाऱ्या, तिथल्या संसद सदस्यांच्या नियुक्ती आयोगाने मात्र मंत्री म्हणून त्यांच्या नावाला अखेरपर्यंत मान्यता दिली नाही.

वाचताना एक पथ्य पाळा. २०१२नंतरचं बरंचसं लेखन श्रद्धांजलीच्या सुरात आहे. ते शेवटी वाचा. आधी उपविधी, सनद, अर्थसंकल्प.

हे झालं की वहीतून एक ठराव काढा. मी येणाऱ्यांना सुचवते तो असा: प्रत्येक विषय समितीच्या बैठकीला प्रभागातल्या नोंदणीकृत संघटनांचा एक प्रतिनिधी बोलावावा, आणि त्याचं म्हणणं इतिवृत्तात नोंदवावं. मसुदा एका पानाच्या आत ठेवा. सूचक-अनुमोदक आधी ठरवा, विरोधी बाजूचा एक तरी सदस्य सोबत घ्या. सर्वसाधारण सभेची नोटीस कधी निघणार, ते कार्यालयात विचारून त्याच्या आधी अर्ज द्या आणि पोच घ्या.