पीएचडीसाठी प्राध्यापकांना पहिला ईमेल कसा लिहावा

बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करायची तर नेट, गेट या प्रवेशपरीक्षांचे फॉर्म, ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रक), सीव्ही ही कामं वेळेत उरका. पुण्यात आयसर, एनसीएल किंवा एनसीसीएस या संशोधन संस्थांत जायचं असेल तर परीक्षा आणि मुलाखत टळत नाही. अमेरिकेतल्या बायोकेमिस्ट्रीच्या बऱ्याच विभागांत निवड समिती करते, लॅब पहिल्या वर्षीच्या रोटेशननंतर, म्हणजे काही लॅबमध्ये थोडे थोडे दिवस काम केल्यावर, ठरते. जर्मनीत मात्र प्राध्यापकांनी थेट विद्यार्थी घेण्याची पद्धत अजून आहे, तिथे ईमेलवर बरंच अवलंबून असतं.

लॅबची वेबसाइट वाचून ईमेल करू नका, ती अनेकदा जुनी असते. पबमेडवर (जीववैद्यकीय शोधनिबंधांची ऑनलाइन सूची) गेल्या तीन वर्षांतले पेपर काढा. या विषयात शेवटचं नाव सहसा लॅबप्रमुखाचं आणि पहिलं नाव मुख्य काम करणाऱ्याचं असतं. प्राध्यापकांचं नाव शेवटी असलेले दोन पेपर मेथड्ससकट वाचा.

आता खरी अडचण: स्वतःच्या प्रकल्पाचा परिच्छेद. बहुतेक जण इथे पीसीआर, एसडीएस-पेज, वेस्टर्न ब्लॉट अशी यादी देतात. ती अजिबात देऊ नका. ही तंत्रं एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांनीच केलेली असतात, तुमचं डोकं कुठे चाललं ते त्यातून कळत नाही.

समजा, तुम्ही हिस-टॅग (निकेल कॉलमला चिकटणारी छोटी शेपटी) लावलेलं एन्झाइम ई. कोलाय या जिवाणूत तयार केलंत. 'प्रोटीन प्युरिफाय केलं' एवढ्यावर थांबू नका. असं लिहा: ३७ अंशांवर प्रोटीन इन्क्लुजन बॉडीत (न विरघळणाऱ्या गोळ्यांत) जात होतं, म्हणून इंडक्शन (प्रोटीननिर्मिती सुरू करणं) १८ अंशांवर रात्रभर केलं आणि ते विद्राव्य मिळालं. निकेल कॉलमवरून २५० मिलिमोलर इमिडॅझोलनं काढलं, पण डायलिसिसनंतर अ‍ॅक्टिव्हिटी गेली. बफरमधलं ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) एन्झाइममधलं झिंक ओढून घेत असावं असं वाटलं. ईडीटीए वगळून डायलिसिस केल्यावर अ‍ॅक्टिव्हिटी टिकली.

चारच गोष्टी, पण काय बिघडलं, अंदाज काय केला आणि तो कसा तपासला, हे सगळं त्यात आलं. मुलाखतीत पुढचा प्रश्न ठरलेला: 'गेलेली अ‍ॅक्टिव्हिटी झिंक परत घातल्यावर आली का?' तो प्रयोग केला नसेल तर तसं सरळ सांगा. 'मी' आणि 'आम्ही' यांतही गल्लत नको. मास स्पेक (रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) सीनियरनं चालवलं असेल तर तसंच लिहा. न केलेलं काम दोन प्रश्नांत उघडं पडतं.

त्यानंतर त्यांच्या पेपरमधल्या एखाद्या निकालाबद्दल एक नेमका प्रश्न. एकूण दोनशे शब्द पुरेत. संबोधन 'डॉ.' आणि आडनाव. समोर बाई असताना 'डिअर सर' गेलं, तर ईमेल सरसकट पाठवलाय हे लगेच कळतं. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा.

शिफारसपत्रं दिवाळीच्या सुट्टीआधी मागा, कारण अमेरिकेतल्या बऱ्याच मुदती डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात. 'तूच लिहून आण, मी सही करतो' असं सर म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा: एकाच हातानं लिहिलेली तीन पत्रं समितीला ओळखू येतात. त्याऐवजी प्रकल्पाचा हाच परिच्छेद आणि मुदतींची यादी त्यांच्या हातात द्या.