नवरा-बायकोने मिळून गड कसा करायचा : लोहगड-विसापूर, दोन दिवस, मुंबईहून ट्रेनने

आधी आमची फजिती सांगते, म्हणजे पुढचं सगळं का सांगतेय ते कळेल. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत मी नवऱ्याला घेऊन दोन दिवसांत तीन गड करायला निघाले होते. मी कॉलेजपासून गड फिरलेली, तो बिल्डिंगची लिफ्ट बंद असेल तरच जिना चढणारा, आणि मी आपली पुढे पुढे "आलंच, अजून दहा मिनिटं" करत. दुसऱ्या दिवशी दुपारी तिकोन्याच्या त्या उभ्या पायऱ्यांवर तो बसला आणि म्हणाला, तू जाऊन ये, मी इथेच आहे. परतीच्या गाडीत दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत बसलो, कल्याण येईपर्यंत एक शब्द नाही.

तर हे त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या घरात एक गडवेडा आणि एक ओढून आणलेला असा जोडा आहे. दोघंही गडवेडे असाल तर तुम्हाला हे वाचायची गरजच नाही, तुम्ही आत्ता कुठेतरी हरिश्चंद्रगडावर असाल.

पहिली गोष्ट, गड निवडताना ओढून आणलेल्याच्या पायांचा विचार करा, आपल्या नाही. मुंबईकरांसाठी माझं मत सरळ लोहगडाला. पायऱ्या आहेत, वाट चुकायचा प्रश्न नाही, लोकलच्या स्टेशनवर उतरून चालत जाता येतं, आणि २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत जे १२ मराठा किल्ले गेले त्यात हा आहे, त्यामुळे सासूबाईंना "कुठे चाललात" याचं उत्तर देताना पण वजन पडतं. रायगड मोठा, मान्य, पण रायगडाला पूर्ण दिवस शांतपणे द्यावा लागतो आणि मुंबईहून महाडपर्यंतच्या रस्त्यातच माणूस अर्धा होतो. राजगड तर पहिल्या खेपेला नकोच नको, घटस्फोट व्हायचा.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात लोहगड जबरदस्त दिसतो हे खरंय, पण जुलैतल्या रविवारी गेलात तर दरवाजातल्या पायऱ्यांवर लोकलच्या डब्यासारखी गर्दी असते, वरचे खाली येईनात आणि खालचे वर जाईनात. शिवाय पावसात कधी कधी प्रशासन बंदी घालतं, ते निघायच्या आदल्या दिवशी बातम्यांत बघून घ्या. पावसातच जायचं असेल तर सुट्टी टाकून मंगळवार-बुधवार जा. आम्ही आता तसंच करतो, एक सीएल जाते पण डोकं शांत राहतं.

ट्रेन. पहाटेची सीएसएमटीहून सुटणारी इंद्रायणी बेस्ट, दादर-ठाणे-कल्याण करत आठच्या आसपास लोणावळा. रिझर्वेशन आधी करा, ऐनवेळी वेटिंग मिळतं. जनरलमध्ये उभं राहून ओढून आणलेल्या माणसाचा मूड ठाण्यालाच जातो हे अनुभवाचे बोल आहेत. खिडकी त्याला द्या. कर्जतला गाडी थांबते तेव्हा वडा घ्यायचा हे सांगायला नको, पण तोवर गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात ती पण दाखवा, त्याला बँकर म्हणतात. बोरघाटाचा चढ इतका आहे की ३७ फूट पुढे गेलं की गाडी १ फूट वर चढलेली असते, एकट्या इंजिनाचं काम नाही. माझा नवरा साइटवर सिव्हिलची कामं बघतो, त्याला हे ऐकल्यावर एकदम झोपेतून जाग आली. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की या माणसाला इतिहासाच्या तारखा नको आहेत, त्याला "हे उभं कसं केलं" ते हवंय. ही माझी मुख्य टिप आहे, बाकी सगळं सामानसुमान : जोडीदाराला गडावर त्याचं स्वतःचं काहीतरी सापडू द्या. फोटो असेल, पक्षी असेल, पाण्याची टाकी असतील, काहीही.

लोणावळ्याला पुण्याकडे जाणारी लोकल पकडायची, पुढचंच स्टेशन मळवली. दुपारच्या वेळी या लोकल विरळ असतात, सकाळची चुकवू नका. मळवलीहून एक्सप्रेसवे ओलांडून भाजे गाव, तिथून चढ सुरू होतो आणि तासा-दीड तासात गायमुख खिंडीत पोचता. खिंडीत उजवीकडे गेलं की लोहगडवाडी, डावीकडे विसापूर. चालायचं नसेल तर मळवलीहून रिक्षा थेट वाडीपर्यंत येते, भाडं आधी ठरवून घ्या. आणि पहिल्या दिवशी रिक्षाच करा असं मी म्हणेन. चालण्याची हौस असणाऱ्याने ती उतरताना भागवावी.

भाजे लेणी वाटेतच आहेत, तरी सकाळी थांबू नका. का ते पुढे सांगते.

लोहगडवाडीत राहायची सोय घरगुती मिळते. मी एकदा खालच्या पवना धरणाच्या काठावर टेंट बुक केला होता, "रोमँटिक लेकसाइड" वगैरे, आणि रात्री दोनपर्यंत डीजे. तंबूच्या कापडाला आवाज अडवता येत नाही. तेव्हापासून वाडीतच. वर चढायच्या आधी जेवण सांगून जायचं, पिठलं, भाकरी, ठेचा, आणि भाकऱ्या मोजून सांगायच्या, कारण चुलीवर त्या तुमच्यासाठी वेगळ्या थापल्या जातात आणि उतरल्यावर "मला दोनच" म्हणणारा माणूस चार खातो. सामान तिथेच ठेवा, वर फक्त एक छोटी सॅक. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, चिक्की, टॉर्च. खाणं सॅकच्या आत, बाहेर लोंबकळणारी पिशवी अजिबात नको, लोहगडावर माकडं आहेत आणि त्यांना चेनचा आवाजसुद्धा कळतो. माझी थालीपिठं फॉइलसकट गेली, माकड समोरच्या तटावर बसून फॉइल सोलत होतं, अगदी शिकल्यासारखं. नवरा हसून हसून खाली बसला. चला, निदान हसला.

बूट मात्र ग्रिपचे. ऑफिसचे स्पोर्ट्स शूज पायऱ्यांवर चालून जातात, विसापूरला नाही.

आता गड. चार दरवाजे लागतात, गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. इथे घाई करू नका, खरा लोहगड इथेच आहे. पायवाट सरळ वर जात नाही, नागमोडी वळणं घेत जाते, एका दरवाजातून आत शिरलात की पुढचा दिसत नाही आणि तुमच्या डोक्यावर तट असतो. नवऱ्याला मी मुद्दाम काही सांगितलं नाही. दुसऱ्या दरवाजापाशी तो थांबला, मागे बघितलं, वर बघितलं आणि म्हणाला, "अगं, म्हणजे शत्रू इथे आला की वरून चारी बाजूंनी मार खाणार, आणि हत्तीला धडक मारायला पळायला जागाच ठेवली नाहीये." बरोब्बर. मग वर जाऊन त्याने खाली बघितलं तर सगळी वळणं एका नजरेत दिसतात, तो फोटो सगळेच काढतात, पण हा अर्धा तास तिथे बसून दगडाचे सांधे बघत होता, चुना कुठे आहे, पाणी कुठून काढून दिलंय. मला निघायची घाई झाली. उलटं झालं!

गोष्टी सांगायच्या तर एका जागी एकच सांगा. दरवाजांपाशी नाना फडणवीस सांगा, पेशवाईत त्यांनी इथलं बरंच बांधकाम करून घेतलं. वर सोळा कोनांचं तळं आहे ते पण त्यांचंच, तिथे बसून पाणी पिताना पुरंदरचा तह सांगा : १६६५ ला शिवाजी महाराजांना जे २३ किल्ले मोगलांच्या ताब्यात द्यावे लागले त्यात हा होता आणि १६७० ला परत घेतला. बास. सगळं एकदम ऐकवलं तर समोरचा मोबाइल काढतो, आणि त्याची चूक नसते.

मग विंचूकाटा. गडाची एक निमुळती सोंड लांब दीडेक किलोमीटर पुढे गेलीये, वरून विंचवाच्या नांगीसारखी दिसते म्हणून नाव. तिथे जायला सुरुवातीला थोडा कातळ उतरावा लागतो, जमत नसेल तर काठावरूनच बघा, त्यात कमीपणा नाही. टोकाला गेलात तर खाली पवनेचं पाणी, समोर तुंग आणि तिकोना. आम्ही टोकाला बसलो, त्याने तिकोन्याकडे बोट दाखवून विचारलं, "हाच ना तो?" मी म्हटलं हाच. अंधार पडायच्या आत खाली या, पायऱ्या झिजलेल्या आहेत.

दुसरा दिवस विसापूर, आणि हा सकाळी सहा-साडेसहालाच सुरू करा कारण वर सावली नाही, टपरी नाही, काही नाही. खिंडीकडून जाणारी वाट दगडगोट्यांची आहे, पावसात तिच्यावरून पाणीच वाहतं. पहिल्यांदा जात असाल तर वाडीतलं कोणीतरी सोबत घ्या, चार पैसे त्यांना मिळतील आणि तुमची वाटेवरची भांडणं वाचतील. वरचं पठार अवाढव्य आहे, धुक्यात लोक गोल गोल फिरत राहतात. साधा उपाय म्हणजे तटबंदी एका हाताला धरून चालायचं, ती सोडायची नाही. बांधकामाचा चुना मळायच्या घाण्याचं ते भलंमोठं दगडी चाक लागेल, तिथे माझ्या इंजिनियरने परत पंधरा मिनिटं घेतली.

पण विसापूरला यायचं खरं कारण वेगळं आहे. लोहगडाच्या बाजूच्या तटावर या आणि समोर बघा. काल ज्या गडावर आपण मान वर करून दरवाजे बघत होतो तो गड आता आपल्या खाली दिसतो. विसापूर साधारण १०८४ मीटर, लोहगड १०३३. पन्नास मीटरचा फरक. १८१८ च्या मार्चमध्ये कर्नल प्रॉथरच्या इंग्रजी फौजेने ४ तारखेला विसापूर घेतला आणि लगेच लोहगडही पडला, कारण इथून तोफांचा मारा थेट त्याच्यावर होत होता. ती सगळी नागमोडी वळणं, चार दरवाजे, काही उपयोगाचं राहिलं नाही. नवरा काही बोलला नाही, बराच वेळ नुसता बघत राहिला. म्हणून म्हणते, आधी लोहगड आणि मग विसापूर. उलटं केलंत तर हे दिसतं पण लागत नाही.

उतरून भाज्याला दुपारी तीन-साडेतीनला पोचलं पाहिजे. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, दुपारनंतर ऊन थेट चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या दालनात, शिरतं आणि आतला स्तूप, ते कलते खांब उजळून निघतात. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातलं काम आहे, एकूण २२ लेणी. खांब आतल्या बाजूला का कलवलेत, हे दगडाला कोणी सांगितलं, असं विचारून बघा. उत्तर असं की आधी अशी देवळं लाकडात बांधायचे, तिथे खांब कलते लागायचे, तेच रूप दगडात उतरवलं. पायऱ्या चढायला गुडघे कुरकुर करतील, हळूहळू चढा. तिकीट लागतं, सुट्टे जवळ ठेवा.

मग मळवली, लोकल, लोणावळा. परतीचं रिझर्वेशन संध्याकाळी उशिराचं घ्या, लोकल चुकली तरी धावपळ नको. लोणावळ्याला चिक्की घ्यायची असेल तर एकाने लाइनीत उभं राहायचं आणि एकाने प्लॅटफॉर्मवर सामान घेऊन बसायचं, दोघांनी एकदम गेलं की गाडी सुटते. आमची एकदा सुटलीये. घाट उतरताना आता खिडकी मी मागते आणि तो देत नाही.