कामावरून कमी करताना प्रवेशाधिकार वेळेत काढा
कर्मचाऱ्याच्या हाती पत्र पडेल त्याच वेळी त्याचे संगणकीय प्रवेशाधिकारही बंद होतील, अशी व्यवस्था मनुष्यबळ आणि आयटी विभागांनी आदल्या दिवशीच ठरवून ठेवावी. अमेरिकेतील फॅनी मे या गृहकर्ज वित्तसंस्थेत ऑक्टोबर २००८ मध्ये एका कंत्राटी अभियंत्याला दुपारी काढून टाकण्यात आले, पण सर्व्हरवरील त्याचे अधिकार रात्रीपर्यंत चालूच राहिले. तेवढ्या वेळात त्याने नेहमीच्या एका स्क्रिप्टच्या (संगणकाला क्रमाने कामे सांगणाऱ्या आज्ञांच्या यादीच्या) तळाशी, बऱ्याच कोऱ्या ओळी सोडून, ३१ जानेवारी २००९ रोजी सुमारे ४,००० सर्व्हरवरील माहिती पुसून टाकतील अशा आज्ञा दडवल्या. त्या काही दिवसांत एका सहकाऱ्याच्या नजरेस पडल्या म्हणूनच अनर्थ टळला. त्यामुळे केवळ व्यक्तिगत खाते बंद करून थांबू नये. सामायिक पासवर्ड आणि एपीआय की (एका संगणक प्रणालीला दुसरीत प्रवेश देणारे गुप्त संकेत) बदलाव्यात, अलीकडे बदललेल्या स्क्रिप्ट दुसऱ्या अभियंत्याकडून तपासून घ्याव्यात आणि बॅकअपची एक प्रत मुख्य नेटवर्कपासून तोडून ठेवावी. ही खबरदारी अपमानाच्या स्वरूपात मात्र घेऊ नये: सर्वांदेखत सुरक्षारक्षकासोबत दारापर्यंत पोहोचवण्याची पद्धत काही कंपन्यांना शिस्तीची वाटते, प्रत्यक्षात ती सूडाला निमित्त पुरवते. थकीत रकमेचा हिशेब आणि अनुभवपत्र त्याच भेटीत, समजावून सांगून द्यावे.