जुनी कन्व्हर्टिबल घेतलीत? मग आधी पाणी कुठून जातं ते बघा

गेल्या मे महिन्यात पर्वरीतून एक सेकंडहँड कन्व्हर्टिबल घेतली, जर्मन, दोन सीटर, घडी होऊन डिकीत जाणारं पत्र्याचं छप्पर, अकरा वर्षं जुनी. घरी आणल्यावर आईचं पहिलं वाक्य "पावसाच्या गावात असली गाडी कोण घेतं रे?" आणि खरं सांगायचं तर तिचं चुकलं नव्हतं, गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तिसऱ्याच दिवशी मिरामारला ढग आले म्हणून छप्पर लावायला गेलो तर ते अर्ध्यात अडकलं, डिकी आ वासलेली, छप्पर हवेत उभं, आजूबाजूला फोटो काढणारे टुरिस्ट. ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं, त्याने एक बटण दाबलं आणि सांगितलं, "पंप गेला पात्रांव, नवो घालूंक जाय." म्हणजे तेलाच्या दाबाने छप्पर हलवणारा पंप गेला, नवा घालायला हवा. पंपाची किंमत ऐकून मला घाम फुटला.

पंपाला काहीच झालं नव्हतं. बॅटरी ११.९ व्होल्टवर होती, एवढंच.

म्हणून हे लिहितोय. छपराची तक्रार आली की स्वस्त गोष्टीपासून महागाकडे जायचं, उलटं नाही. सुरुवात बॅटरीपासून. त्या पंपाची मोटर खूप करंट ओढते आणि व्होल्टेज पडलं की छप्पर चालवणारं कंट्रोल मॉड्युल मध्येच हात वर करतं. तीन-चारशे रुपयांचा मल्टीमीटर घ्या, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजा: १२.६ च्या आसपास असेल तर छान, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली, १२ च्या खाली असेल तर छपराचं नावच काढू नका. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ मिळालं पाहिजे, नाहीतर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बघा. या गाड्या आपण रविवारीच काढतो, बाकी आठवडा त्या उभ्याच, त्यामुळे बॅटरी उतरणारच, बॅटरी भरलेली ठेवणारा एक मेंटेनर चार्जर घेऊन गॅरेजमध्ये लावून ठेवलात तर निम्मे प्रॉब्लेम जन्मालाच येत नाहीत. बॅटरी बदलताना बऱ्याच जर्मन गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) रजिस्टर करावी लागते, नाहीतर गाडी तिला जुनी समजूनच चार्ज करत बसते. दुकानदार म्हणेल गरज नाही, त्याचं ऐकू नका.

बॅटरी ठीक आहे? मग डिकी उघडा. घडीच्या पत्र्याच्या छपरवाल्या बहुतेक गाड्यांत, मर्सिडीजची एसएलके काय किंवा बीएमडब्ल्यूची झेड-फोर काय, डिकीत एक पार्टिशन असतं, ते ओढून नीट अडकवलेलं नसेल तर छप्पर हलतच नाही, कारण खाली बॅग असेल तर चेंदामेंदा होईल. माझ्या एका मित्राने यासाठी गाडी टो करून नेली होती! डिकी नीट लागलेली हवी, गाडी सपाट जागेवर हवी, इंजिन चालू, एसी आणि लाइट बंद, आणि बटण शेवटपर्यंत दाबून धरायचं, छप्पर बसल्यासारखं वाटलं म्हणून लगेच सोडायचं नाही, काचा वर येईपर्यंत किंवा मेसेज येईपर्यंत धरून ठेवायचं.

तरी हलत नसेल तर कान लावा. बटण दाबल्यावर मागून पंपाचा घूं असा आवाज येतोय पण छप्पर जागचं हलत नाही, म्हणजे तेलाची बाजू: ऑइल कमी, कुठेतरी लीक, किंवा व्हॉल्व्ह. आवाजच नाही, म्हणजे विजेची बाजू: फ्यूज, रिले, व्होल्टेज, किंवा एखादा मायक्रोस्विच. हे मायक्रोस्विच म्हणजे छपराच्या प्रत्येक पायरीवर "झालं, पुढे जा" सांगणारी छोटी बटणं, त्यातल्या एकाने जरी सांगितलं नाही तरी मॉड्युल तिथेच थांबतं. कुठला गप्प आहे हे कळायला त्या ब्रँडचं सॉफ्टवेअर असलेला स्कॅनर लागतो, ऑनलाइन मिळणारा हजार रुपयांचा ओबीडी डोंगल साधारणपणे इंजिनाचे कोड दाखवतो, छपराचं त्याला काही कळत नाही. आणि डिकीच्या बिजागरीजवळची वायर हाताने चाचपून बघा, छप्पर प्रत्येक वेळी उघडताना ती वाकते, वर्षानुवर्षं वाकून आत तांब्याची तार तुटते आणि वरचं रबर मात्र साबूत दिसतं.

ऑइल लीक असेल तर डिकीच्या कार्पेटवर तेलकट डाग दिसतो, काही गाड्यांत वर विंडस्क्रीनच्या लॉकपाशी सिलिंडर असतो तो लीक झाला की थेट डोक्यावर ठिबकतं. अशा वेळी "नवा सिलिंडर" हे एकमेव उत्तर नाही, बऱ्याच वेळा सील बदलून तोच सिलिंडर परत चालतो, मुंबई-बेंगळुरूकडे हे काम करणारे आहेत, कुरियरने पाठवता येतं. टाकीत ऑइल भरायचं तर मॅन्युअलमध्ये दिलेलंच, आणि लेव्हल छप्पर कुठल्या स्थितीत असताना बघायची तेही त्यातच वाचा. ब्रेक ऑइल चुकूनही नाही, सगळे सील खराब होतात.

आता मूळ मुद्दा, पाणी. मला हे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं. सकाळी दार उघडलं तर गाडीतून वास, भिजलेलं पोतं असतं ना, तसाच. मॅट वरून कोरडी होती, पण कार्पेटवर तळवा दाबला तर बोटांच्या मधून पाणी आलं. खालचा फोम स्पंजासारखा भरलेला. मला वाटलं बीडिंग, म्हणजे काचा-छपराच्या कडेची रबराची पट्टी, गेलं, पण तसं नव्हतं. कन्व्हर्टिबलच्या छपरावरचं पाणी काही प्रमाणात आत येणारच असं धरूनच कंपनी ती बनवते, ते पाणी पन्हाळीतून आणि नळ्यांतून खाली जमिनीवर जायला हवं. त्या नळ्या तुंबल्या की पाणी गाडीत शिरतं. आणि आपल्याकडे तुंबायला काय कमी आहे, आंब्याचा मोहर, माडाची फुलं, डिचोली-साखळीच्या बाजूने आलात की तांबडी धूळ.

साफ करायची पद्धत माझी अशी. छप्पर अर्धं उघडून थांबवा (इंजिन चालू ठेवून, आणि मध्ये हात घालण्याआधी छप्पर खाली येणार नाही याची खात्री करून, हा जड पत्रा आहे, बोटं जातात). मागच्या कोपऱ्यात आणि बिजागरीपाशी ड्रेनची होल्स दिसतील, कचरा हाताने काढा. मग ग्रासकटरची नायलॉनची दोरी, दोन-अडीच मिलिमीटरची, चवथीच्या आधी सगळे गवत कापतात त्यामुळे हार्डवेअरवाल्याकडे सहज मिळते, तिचं टोक लायटरने वितळवून गोल करा म्हणजे नळी फाटत नाही, आणि हळूहळू फिरवत आत सरकवा. तार वापरू नका. कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नका, आतल्या नळीचा सांधा निघतो आणि मग पाणी सरळ कार्पेटखाली. नंतर तांब्याने थोडं थोडं पाणी ओता आणि कुणालातरी खाली वाकून बघायला सांगा. माझ्या गाडीत आधी काहीच आलं नाही, मग अचानक डाव्या चाकामागून तांबडा चिखल पडला, नाचण्याच्या आंबिलीसारखा दाट, आणि त्यामागे स्वच्छ पाण्याची धार. तो आवाज ऐकून मला गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं. हे काम मे अखेरीला एकदा, आणि पावसात महिन्यातून एकदा.

कार्पेट भिजलंच असेल तर वरून उन्हात वाळवून उपयोग नाही, सीट काढून फोम उचलावा लागतो, कारण सीटखाली किंवा डिकीच्या खळग्यात मॉड्युल आणि वायर जोडणारे कपलर असतात, ते हिरवे पडले की खर्चाला अंत नाही. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा म्हणूनच बोनेटआधी कार्पेटचा वास घ्या. ताजा परफ्यूम मारलेला असेल तर जास्तच वाकून घ्या.

बीडिंगला वर्षातून दोन-तीनदा सिलिकॉन ग्रीस, बोटाने पातळ थर. आमच्या शेजारच्या काकांनी खोबरेल सुचवलं, आणखी कुणी पेट्रोलियम जेली, दोन्ही नको, जेलीने रबर फुगतं आणि खोबरेलावर तांबडी धूळ चिकटून बसते. छप्पर कापडी असेल तर प्रेशर वॉशर लांब ठेवा, मऊ ब्रशने विणीच्या दिशेने धुवा, आणि ओलं असताना कधीही घडी करू नका, आपल्या हवेत दोन दिवसांत बुरशी. प्लास्टिकची ताडपत्री टाकू नका, आत वाफ धरते, हवा खेळणारं कव्हर घ्या. आणि माडाखाली पार्किंग नको, हे वेगळं सांगायला नको पण मी एक नारळ पडलेलं बोनेट बघितलंय.

बाकी भराभर. समुद्राकाठी फिरून आलात की खालून गोड्या पाण्याने धुवा, मीठ खालच्या पाइपांना आणि बोल्टना खातं. ब्रेक डिस्कवर रात्रीत गंज दिसला तर घाबरू नका, दोन-चार वेळा ब्रेक मारला की जातो. टायरच्या बाजूवर छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा, तो बनवल्याची तारीख असते, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, सहा वर्षांच्या वर असतील तर कितीही नक्षी शिल्लक असली तरी बदला, कारण अशा गाड्यांत बहुतेक वेळा स्टेपनी नसते आणि चोर्ला घाटात रात्री तुम्हाला ते कळणं बरं नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून महिनोन्महिने अर्धी टाकी ठेवून गाडी उभी करू नका. विम्यात इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घ्या, साध्या पॉलिसीत पाणी शिरून बसलेलं इंजिन सहसा येत नाही.

आणि छप्पर हाताने बंद करायची पद्धत घरी, कोरड्या दिवशी, दोघांनी मिळून एकदा करून बघा. टूलकिटमध्ये अॅलन की असते, काही गाड्यांत पंपावरचा व्हॉल्व्ह ढिला करून छप्पर दोन्ही बाजूंनी एकदम उचलावं लागतं, एका बाजूने ओढलं की बिजागरी वाकते. मी हे मिरामारच्या फुटपाथवर शिकलो, पावसाची सर येत असताना, भेळवाल्याने दुसरी बाजू धरली होती.