पोरांना लोंगेवाला कसं समजवायचं

लोंगेवाला म्हणजे १९७१ च्या भारत-पाक युद्धातली राजस्थानच्या वाळवंटातली लढाई. युट्यूब राहूदे, पोरांना सरळ गिरगाव चौपाटीवर न्या. कोरड्या वाळूत एक दगड ठेवा, ती आपली चौकी, समोर खेळण्यातले रणगाडे, ते पाकिस्तानचे. आता पोरांना डोळे मिटायला सांगा, कारण ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री जैसलमेरची आपली हंटर लढाऊ विमानं अंधारात लढू शकत नव्हती, म्हणून मेजर चांदपुरींच्या जवानांनी उजाडेपर्यंत चौकी तशीच धरून ठेवली. डोळे उघडा, सकाळ झाली, वरून रॉकेट आणि ३० मिमी तोफांचा मारा सुरू!! विमानांना चुकवायला रणगाडा गोल गोल पळवा, वाळूत वेटोळी उमटतील, विमानातून काढलेल्या फोटोत अगदी तश्शीच दिसतात (पोरं इथे जाम खूश होतात). आणि हो, लक्ष्य दाखवणारे मेजर आत्मा सिंग छोट्याशा कृषक विमानात होते, त्यांना सगळे विसरतात, तुम्ही विसरू नका. भेळ नंतर.